आईची आई

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला गांबिया नावाचा एक चिंचोळा देश आहे. १९५० साली इयन मॅकग्रेगर या ब्रिटिश डॉक्टरने तिथल्या केनेबा आणि आसपासच्या तीन गावांत मुलांची वजनं-उंच्या घ्यायला आणि प्रत्येक जन्म-मृत्यू लिहून ठेवायला सुरुवात केली. त्याला मलेरियाचा आणि कुपोषणाचा अभ्यास करायचा होता. त्या काळी तिथे पाच वर्षांची होण्याआधीच जवळपास निम्मी मुलं दगावत. या नोंदी १९७४ पर्यंत नेटाने चालू राहिल्या. पुढे २००० च्या सुमारास रिबेका सिअर आणि रूथ मेस या लंडनच्या दोन संशोधिकांनी तेच कागद वेगळ्याच प्रश्नासाठी उघडले. घरातलं कोण हयात असलं की मूल जगतं?

आई, हे उत्तर कोणीही न मोजता देईल. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई गेली की पाठोपाठ बहुधा मूलही जाई. चक्रावून टाकणारी उत्तरं त्यापुढची होती. बाप असण्या-नसण्याने मुलाच्या जगण्यात मोजता येईल असा फरक पडत नव्हता. वडिलांच्या आईनेही पडत नव्हता. पडत होता तो आईच्या आईने आणि थोरल्या बहिणींनी. तोही विशेषकरून एक ते दोन वर्षांच्या मुलांत, म्हणजे दूध सुटतं आणि पोट बिघडायला लागतं त्या वयात. लग्नानंतर तिथली बाई बहुधा नवऱ्याच्या घरी राहते, तेव्हा ही आजी काही रोज उंबऱ्यात बसलेली नसायची. पण दूध तोडायच्या वेळी मूल तिच्याकडे पाठवायची रीत होती. आपल्याकडेही अंगावरचं तोडायचं म्हणून पोराला आजोळी नेऊन ठेवल्याच्या गोष्टी जुन्या घरांतून निघतील.

एका देशातल्या चार गावांवरून माणसाचा स्वभाव ठरवू नये. म्हणून सिअर आणि मेस यांनी २००८ साली जगभरातले असे ४५ अभ्यास एकत्र मांडले. आईची आई हयात असल्याने मुलं जास्त जगली, असं त्यातल्या दोन-तृतीयांशांहून थोड्या अधिक ठिकाणी दिसलं. वडिलांच्या बाबतीत तसं दिसलं ते जेमतेम एक-तृतीयांश ठिकाणी. बाप लोकांनी मनाला लावून घेऊ नये. कमाई, संरक्षण, शाळा या गोष्टी या मोजणीत येत नाहीत. इथे फक्त एकच गोष्ट मोजली आहे, मूल जगलं की गेलं.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं की, आईवर अवलंबून असलेल्या मोठ्या बाईकडे आपण जरा चेष्टेने पाहतो. पस्तिशीतली बाई, ऑफिसात दहा माणसांचं काम सांभाळते, कर्जाचे हप्ते भरते, आणि पोराला दोन दिवस शी झाली नाही की पहिला फोन आईला. बालरोगतज्ज्ञाचा नंबर त्याच यादीत असतो, पण तो दुसरा. ‘अजून आईचा पदर सुटला नाही हिचा’ असं नवरा हसून म्हणतो, सासरचे न हसता म्हणतात. आणि ती स्वतःही मनातून थोडी शरमते. माझं म्हणणं असं की यात शरमण्यासारखं काही नाही. माणसाचं मूल एकट्या आईने वाढवायची सोय निसर्गाने कधी केलेलीच नव्हती. नवं असेल तर एवढंच की मदतीचे बाकीचे हात एकेक करून निघून गेले, आणि सगळं ओझं शेवटच्या हातांवर येऊन पडलं.

चिंपांझीची मादी आपलं पिल्लू जवळपास एकटीच वाढवते. त्यासाठी ती किंमतही मोजते. एक पिल्लू पुरतं सुटं होईपर्यंत दुसरं होत नाही, आणि दोन पिल्लांत साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर पडतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत हे अंतर तीन-चार वर्षांचं असतं. म्हणजे माणसाचं मूल चिंपांझीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त वर्षं परावलंबी राहतं, आणि तरीही आई दुसरं लवकर जन्माला घालते. एका बाईच्या दोन हातांत हे गणित बसत नाही. सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच गणिताचा पिच्छा पुरवला. ‘मदर्स अँड अदर्स’ या २००९ च्या पुस्तकात त्या सांगतात की माणूस ही मुळातच मिळून पोरं वाढवणारी जात आहे. आई एकटी पडली की तिची माया आटते. तिला भोवती माणसं दिसली की ती मुलात जीव ओतते.

ही भोवतालची माणसं कोण, याचं सगळ्यात नेमकं उत्तर टांझानियातल्या एयासी तलावाजवळच्या हाडझा लोकांत मिळालं. क्रिस्टन हॉक्स आणि जेम्स ओकॉनेल १९८० च्या दशकात त्यांच्यात जाऊन राहिले आणि कोण किती वेळ काम करतं, किती अन्न आणतं, हे मोजत बसले. तरुण शिकारी सर्वांत जास्त राबत असतील, असा त्या वेळचा समज. प्रत्यक्षात टणक जमिनीतून खोल गेलेले कंद काठीने उकरत तासन्‌तास बसणाऱ्या निघाल्या त्या म्हाताऱ्या बायका. हे कंद लहान मुलांना उकरता येत नाहीत. ओली बाळंतीण रानात कमी हिंडू शकते. अशा वेळी तिच्या थोरल्या मुलाचं वजन वाढतं की घटतं, हे आजीने किती कंद आणले यावर ठरत होतं.

यातूनच ‘आजी सिद्धान्त’ पुढे आला. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत वीत राहतात. बाईची पाळी मात्र पन्नाशीच्या आसपास जाते आणि पुढे ती वीस-तीस वर्षं धडधाकट जगते. निसर्गाने ही वर्षं का दिली असावीत? जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच सुचवलं होतं की एका वयानंतर नवं मूल जन्माला घालण्यापेक्षा आहेत त्यांना जगवणं जास्त फायद्याचं ठरत असेल. हॉक्स यांनी त्यात नातवंडं आणली. फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या चर्चच्या नोंदी तपासून मिर्क्का लाहदेनपेरा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पन्नाशीनंतर बाई जगलेल्या दर दहा वर्षांमागे तिला सुमारे दोन नातवंडं अधिक लाभत. माणसाखेरीज अशी पाळी जाऊन पुढे जगणारी आजी आढळते ती मुख्यतः ओर्कासारख्या काही दातवाल्या देवमाशांत. २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की म्हातारी ओर्का मेली की पुढच्या दोन वर्षांत तिची नातवंडं मरण्याचा धोका वाढतो.

आजीची मदत होते, इथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो आईच्याच आईपाशी का, या प्रश्नावर.

जीवशास्त्राचं उत्तर थंड डोक्याचं आहे. आईच्या आईला नातवंड आपलंच असल्याची पुरती खात्री असते, वडिलांच्या आईला नसते. एक गोष्ट मात्र ऐकून कोणीही क्षणभर थांबेल. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आज पाळण्यात असलेलं नातवंड ज्या बीजातून आलं ते बीज तिसाएक वर्षांपूर्वी आजीच्याच पोटात वाढत होतं. ऐकायला सुंदर आहे. पण यातून एकाही आजीच्या हाताला काम लागलेलं नाही, आणि खात्री-बिनखात्रीच्या हिशोबाने मध्यरात्री कोण उठतं हे मला तरी समजत नाही.

मला जास्त पटतो तो जर्मनीचा पुरावा. वायव्य जर्मनीत क्रुमहोर्न नावाचा सुपीक मातीचा, शेतकऱ्यांचा प्रदेश आहे. तिथल्या १७२० ते १८७४ या काळातल्या चर्च-नोंदी एकार्ट फोलांड आणि यान बाइझे यांनी चाळल्या. आईची आई हयात असेल तर तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी. वडिलांची आई हयात असेल तर मात्र जास्त, आणि तेही अगदी पहिल्या महिन्यात. पहिल्या महिन्यातलं मरण म्हणजे बहुतांशी पोटुशीपणातल्या हालांचं फळ. सासूच्या नजरेखाली गरोदर सून किती राबली, काय खाल्लं, किती धास्तावली, हे त्या नोंदींत लिहिलेलं नाही. पण अभ्यासकांचा कयास त्याच दिशेचा आहे, आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगायची गरज नाही.

सासू दुष्ट असते असं यातून कोणी काढू नये. ती ज्या जागी बसलेली असते ती जागाच तशी. जुन्या घरात सून म्हणजे कामाचे दोन हात. ती आडवी झाली की ते काम सासूवर. आईच्या घरात मुलगी पाहुणी म्हणून येते, तिच्या कामावर ते घर चाललेलं नसतं. त्यामुळे माहेरच्या दारात बाळंतीण उतरली की आईचं लक्ष आधी लेकीकडे जातं, मग बाळाकडे. चेहरा उतरलाय, पाय सुजलेत, नीट झोपली नाहीस. सासरी हा क्रम बहुधा उलटा असतो. तिथे बाळ हा घराचा वारस, आणि त्याची आई म्हणजे त्याला दूध देणारी. ओल्या बाळंतिणीला ‘तू जेवलीस का?’ असं आधी विचारणारं माणूस ओळखता येतं, आणि ती ते जन्मभर विसरत नाही.

याचा परिणाम डॉक्टरांनाही दिसला आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या बायकांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्याने ग्रासलं होतं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं ही त्यातली ठळक कारणं. त्याच वर्षी तमिळनाडूच्या ग्रामीण भागातल्या अभ्यासात आणखी दोन नेमकी कारणं सापडली. सासूशी किंवा आई-वडिलांशी बिघडलेले संबंध, आणि अंगमेहनतीच्या कामात मदतीचा अभाव. हे दुसरं कारण नीट वाचावं. तिथे सल्ल्याचा, समुपदेशनाचा प्रश्नच नव्हता. धुणं, भांडी आणि पाणी कोणी भरायचं हा होता.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती साऱ्या भारतात असेल असं वाटतं. तसं नाही. पॅट्रिशिया आणि रॉजर जेफरी यांनी अँड्र्यू लायनसोबत १९८० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बिजनोर जिल्ह्यात बाळंतपणांचा अभ्यास केला. तिथे बाई बाळंत व्हायची ती सासरीच. माहेरी, बापाच्या आणि भावांच्या घरात बाळंत होणं ही लाजेची बाब. मुलगी मुद्दाम परगावी, अनोळखी घरात दिलेली. आई आजारी लेकीजवळ जाऊन राहायची म्हटली तर मुलीच्या घरचं पाणी कसं प्यायचं हा प्रश्न. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेचा जो नकाशा काढला त्यात उत्तर आणि दक्षिण यांमधला हा फरक स्वच्छ दिसतो. दक्षिणेत लग्नं नात्यात आणि जवळपास होतात, मुलगी परक्यात जात नाही. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. इथे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, म्हणजे कित्येक घरांत सासू ही मुळात आत्याच असते. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की जिथे बाईचं माहेराशी येणं-जाणं तुटत नाही तिथे तिचं घरात चालतं जास्त, आणि मुलंही कमी दगावतात. माहेरचा रस्ता उघडा असणं हे नुसतं हळवेपणाचं प्रकरण नव्हे, त्यावर पोरांचे जीव अवलंबून असतात.

गंमत म्हणजे आपली ही रीत शब्दशः सापडते ती थेट जपानात. तिथे गरोदर बाई शेवटच्या दोनेक महिन्यांत आई-वडिलांच्या गावी जाते, तिथल्याच दवाखान्यात बाळंत होते आणि महिनाभराने बाळाला घेऊन परत येते. एवढ्या यंत्रप्रवीण देशात, तोक्योत उत्तम दवाखाने असताना, ही चाल टिकून आहे.

माहेरच्या त्या सव्वा महिन्यात नेमकं काय होतं? बाळंतिणीची खोली वेगळी, दार ओढलेलं, वारा बंद. सकाळी अंगाला तेल, कढत पाण्याची आंघोळ, कंबर-पोट आवळून बांधायचं, मग शेगडीचा शेक आणि ओवा-वावडिंग-बाळंतशेपांची धुरी. खायला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, भरपूर तूप घातलेला मऊ भात. जेवणानंतर ओवा-बाळंतशेपांची सुपारी. बाळाची टाळू भरायची, जुन्या मऊ सुती लुगड्याची दुपटी शिवलेली असायची, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं. पण या यादीत एक गोष्ट येत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. लेक आईजवळ बसून पाहत असते. पायांवर बाळ उताणं कसं घ्यायचं, मान कशी धरायची, कोपर बुडवून पाणी कसं पाहायचं, नाका-कानात पाणी न जाऊ देता डोक्यावरून तांब्या कसा सोडायचा, पालथं करून पाठीवर हात कुठून कुठे फिरवायचा. पहिले दहा दिवस आई करते, मग एके दिवशी ‘आज तू घाल’ म्हणते आणि मोरीच्या दारात उभी राहते. पुस्तकात पाहून हे शिकता येत नाही. व्हिडिओ पाहूनही हात थरथरायचा थांबत नाही.

पूर्वीच्या मुलीला हेही इतकं नवं नव्हतं. पाठच्या भावंडांना कडेवर घेऊन ती मोठी झालेली असे. काकूची, वहिनीची बाळंतपणं तिने वयात यायच्या आत पाहिलेली असत. गांबियातल्या थोरल्या बहिणींचा उल्लेख वर आला, त्या आपल्याकडेही घरोघर होत्या. आज महाराष्ट्रात बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, १.७ आहे. अशा घरांत वाढलेल्या बाईने आयुष्यात हातात घेतलेलं पहिलं तान्हं बाळ बरेचदा तिचं स्वतःचंच असतं. शिक्षण जास्त, सराव शून्य. तिचं आईवरचं अवलंबणं तिच्या आजीच्या पिढीपेक्षा वाढलंय ते यामुळे, आणि यात तिचा दोष काहीच नाही.

बरं, माहिती तर हवी तेवढी मिळते. मग फोन का? कारण रात्री पोर किंचाळत असतं तेव्हा प्रश्न माहितीचा नसतोच. शंभर पर्याय वाचून झाल्यावर त्यातला आत्ता, या पोराला कुठला, हे ठरवणारं कोणीतरी हवं असतं. डॉक्टर पोराला ओळखतो, आई पोराच्या आईला ओळखते. हिचा ‘जरा ताप आहे’ म्हणजे खरंच जरा असतो की ही घाबरून कमी सांगतेय, हे तिला आवाजावरून कळतं. दुसरं असं, आईपुढे वाईट आई असण्याची मुभा असते. ‘मला हे मूल आत्ता समोर नकोय’ हे वाक्य सासूबाईंपुढे उच्चारता येत नाही, नवऱ्यापुढे उच्चारलं तर तो घाबरतो, मैत्रिणीपुढे उच्चारलं तर ती लेख पाठवते. आई म्हणते, ‘दे इकडे, तू झोप.’ ती रागावते, टोमणे मारते, ‘आमच्या वेळी’ सुरू करते, पण या बोलण्याचा हिशोब पुढे कधी चुकता करावा लागत नाही. बाकी सगळ्यांच्या मदतीने माणूस मिंधा होतो.

नुसत्या जवळ असण्याचाही परिणाम होतो, हे ग्वाटेमालातल्या एका प्रयोगाने १९८० मध्ये दाखवलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाया एकट्याच कळा सोसत. काहींजवळ एक साधी, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली, अनोळखी बाई बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची, बस. या बायकांच्या कळांचा काळ सरासरी १९.३ तासांवरून ८.८ तासांवर आला. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फरक एवढा थोर राहिला नाही, पण दिशा तीच राहिली. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक बाई सोबत ठेवायला परवानगी दिली. घरच्या बाळंतपणात जी गोष्ट फुकट मिळत होती तिला दवाखान्याच्या दारात परवानगी लागावी, हा आपल्या आधुनिकपणाचा एक नमुना.

अमेरिकेत अटलांटा इथे जेम्स रिलिंग यांनी २०२१ मध्ये ५० आज्यांच्या मेंदूंची चित्रं घेतली. नातवंडाचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूचे दुसऱ्याची भावना आपल्यात उतरवणारे भाग जास्त चेतले. नातवंड हसलं की आजी आतून हसते. आपल्या मोठ्या झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो पाहताना चेतले ते समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे समजून घेणारे भाग. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण नातवंडाला पाहून विरघळणारी आजी लेकीकडे मात्र रोखून पाहते, हा अनुभव कित्येकींचा असेल.

आता आईच्या चुका. हे प्रकरण तिच्या आरतीत संपवणं बरं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक पिळून टाकायला सांगणारी आजीच असते. त्याऐवजी बोटावर मध चाटवणारीही तीच. चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्यं भरलेली असतात, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध दिल्याने क्वचित का होईना, बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर तासाच्या आत अंगावर घेतलेली मुलं भारतात ४१.८ टक्केच निघाली. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे सहाणेवर उगाळलेली बाळघुटीही बाद, मग त्यात मुरुडशेंग असो की जायफळ. काजळात शिसं असू शकतं, नाकात तेल घातलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं, बंद खोलीतला धूर तान्ह्या छातीला सोसत नाही, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं तर दूध येणार कुठून? याच आजीची ऊब, विश्रांती, चारचौघांपासून बाळाला आडोशाला ठेवणं आणि मागेल तेव्हा पाजणं मात्र आजही जशीच्या तशी योग्य ठरतात.

या चुकांवर डॉक्टरांचा नेहमीचा उपाय म्हणजे आजीला बाजूला सारणं. तो फारसा लागू पडत नाही, कारण डॉक्टर पाच मिनिटं भेटतो आणि आजी चोवीस तास घरात असते. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत उलट वाट धरली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन घेत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत, आणि आईला व घरातल्या बायकांना समजावत. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. सेनेगलमध्ये जूडी ऑबेल यांनी तर पोषणाचे वर्ग आज्यांसाठीच घेतले. त्यांचा मान राखून, त्यांना ठाऊक असलेलं आधी वाखाणून, मग नवं सांगितलं. तिथल्या सुनांच्या आणि नातवंडांच्या खाण्यात फरक पडला तो आज्यांच्या तोंडून नवं ऐकल्यावर. लेकीनेही हा मार्ग धरावा. आई चुकते तिथे बालरोगतज्ज्ञापुढे तिलाच सोबत नेऊन बसवावं. डॉक्टरने तिच्या समोर सांगितलेली गोष्ट ती चार दिवसांनी शेजारच्या सुनेला स्वतःची म्हणून सांगते.

या व्यवस्थेची किंमत मात्र कोणीच मोजत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत पहिलं वर्ष आज्यांच्या व्हिसावर निघतं. आधी आईचे सहा महिने, त्या गेल्या की सासूबाईंचे सहा महिने. सामानात भाजलेले अळीव, डिंक आणि घरी कुटलेल्या सुपारीचा डबा. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजारीण नाही, आणि गुडघे दुखत असताना जिन्याची चढ-उतर. पुण्या-ठाण्यात व्हिसा लागत नाही, एवढाच फरक. साठीत पाळणाघर चालवायला बसलेल्या बाईला पगार नाही, रजा नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात तेव्हा कित्येक पोरं गावात म्हाताऱ्यांजवळ राहतात. तिथे आईची आई की वडिलांची, हा प्रश्न गैरलागू. जी हयात आहे, जिला दिसतंय, ती. आणि ज्या बाईची आई हयात नाही, किंवा जिने मनाविरुद्धच्या घरात लग्न केलं म्हणून माहेरचं दार लागलं, तिच्यासाठी या सगळ्या रीतीत काहीच नाही. भल्या सासवा, नणंदा, शेजारणी असतात. पण ते नशीब झालं, त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायका अशा कुठल्याही आस्थापनेच्या पटावर नसतात. त्या कायद्यात आजीचा उल्लेख नव्हता, आणि बापाचाही नव्हता. स्वीडनने १ जुलै २०२४ पासून आई-बापांना आपल्या पगारी रजेतले प्रत्येकी ४५ दिवस दुसऱ्या कोणाला, म्हणजे आजी-आजोबांनाही, देण्याची मुभा दिली आहे. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्या घरात करता येण्यासारखं एक काम आहे. हे प्रकरण एखाद्या नव्या बापाच्या हाती पडलं असेल तर त्याने उद्या सकाळी मोरीत सासूबाईंशेजारी बसावं आणि बाळाची आंघोळ शिकून घ्यावी. पहिल्या दिवशी त्या हसतील, पण आठवड्याभरात त्यांच्या गुडघ्यांना आराम पडेल.